थराचा पत्ता : प्रवराकाठी पुराजीवविज्ञानाचे अध्यापन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीराकडे, मुंगी नावाचे गाव आहे. पलीकडच्या तीरावरील पैठणाशी त्याचे नाव जोडून 'मुंगी-पैठण' असे म्हणण्याची जुनी रीत आहे. १८६५च्या सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील ए. बी. विन ह्यांना ह्या गावाजवळ, नदीने वाहून आणलेल्या गोट्यांच्या थरात, अकीक दगडाचा एक छिलका सापडला. गोट्यांच्या त्या थरांत प्राण्यांची अश्मीभूत हाडेही होती. छिलका माणसाने काढलेला असेल, तर माणूस व ते प्राणी एके काळी एकाच खोऱ्यात नांदत होते काय, असा प्रश्न उभा राहिला. मद्रासजवळ पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट ह्यांना पहिली हातकुऱ्हाड मिळाली ती १८६३ साली. तेव्हा हा प्रश्न त्या काळी किती नवा होता हे ध्यानात येईल.

संस्थेचे प्रमुख टॉमस ओल्डम ह्यांनी १८६८ साली ह्या छिलक्यावर एक टिपण प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात थरांचा काळ 'प्लायोसीन' असा दिला असून त्या शब्दापुढे कंसात प्रश्नचिन्ह घातले आहे. पुढे हे थर प्लाइस्टोसीन कालखंडाचे, म्हणजे बरेच अलीकडचे, ठरले. शब्द चुकला, परंतु प्रश्नचिन्ह बरोबर ठरले. लेखकाला जेवढे ठाऊक होते तेवढेच त्याने लिहिले, आणि जे ठाऊक नव्हते त्याचीही नोंद ठेवली.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाविज्ञान होय. पुराजीवविज्ञानाशी त्याचा संबंध आला तो जिल्ह्यातील एका महाविद्यालयामुळे. तेथे हा विषय शिकविणाऱ्या आणि त्या अभ्यासक्रमाचे संचालकपदही सांभाळणाऱ्या अध्यापिकेने मराठी पाठ्यसाहित्यासाठी परिभाषेची एक यादी करून मागितली. यादी तयार झाली, वर्गात व नदीकाठी वापरली गेली, आणि सदोष निघाली. तो दोष कोणता होता व तो दूर करताना ह्या विषयाच्या अध्यापनाविषयी काय उमगले, हे सांगणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

१. लाव्ह्याच्या प्रदेशातील जीवाश्म

क्षेत्रफळाने हा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा. सुमारे १७,००० चौरस किलोमीटर. परंतु पुराजीवविज्ञान शिकविणाऱ्यास तो प्रथमदर्शनी निराश करणारा आहे. बहुतेक सारी भूमी बेसाल्टाची, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळवत्री दगडाची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा बाहेर पडला व एकावर एक साचून त्याचे दख्खनचे पठार झाले. तप्त लाव्ह्यात जीवांचे अवशेष टिकत नाहीत. दोन उद्रेकांच्या मधल्या अवकाशात तळी साचली, त्यांत गाळ बसला, आणि तेथे मात्र अवशेष राहिले. नागपूरजवळची टाकळी, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान ही अशा थरांची प्रसिद्ध ठिकाणे होत. मुंबईत वरळीच्या टेकडीतील अशाच थरांत बेडकांचे सुबक सांगाडे मिळाले आहेत. नगरच्या भागात मात्र असे थर जवळजवळ नाहीत म्हटले तरी चालेल.

गोदावरीच्याच काठाने खाली गेले तर चित्र बदलते. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात जुरासिक काळाचे थर उघडे पडले आहेत आणि वडधम येथे जीवाश्म-उद्यान उभारले आहे. त्याच पट्ट्यातील एका प्रचंड डायनोसॉराला १९७५ साली 'बारापासॉरस टागोराय' असे नाव देण्यात आले. त्यात 'मोठा पाय' ह्या अर्थाचे बंगाली शब्द आहेत आणि रवींद्रनाथांचे स्मरणही आहे. मुंगीचा विद्यार्थी हे वाचतो व विचारतो, की आपल्याकडे असे का नाही? नदी एकच असली तरी तिच्या पात्राखालचे खडक निरनिराळ्या वयांचे आहेत, हे त्यास समजावून सांगणे हा बहुधा पहिल्या आठवड्याचा पाठ असतो.

ह्या जिल्ह्यात जे आहे ते नद्यांनी साठविलेले आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावून टोक्याजवळ गोदावरीस मिळणारी प्रवरा, हरिश्चंद्रगडाकडून येणारी मुळा, दक्षिणेकडील घोड व कुकडी, आणि स्वतः गोदावरी ह्यांच्या काठांवर गोटे, वाळू, पोयटा व चुनखडी ह्यांचे जाड थर आहेत. प्लाइस्टोसीन कालखंडात, म्हणजे सुमारे २६ लाख ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या काळात, ह्यांतील बरेच थर साचले. त्यांत रानबैलाचे व इतर प्राण्यांचे दात, जबडे आणि हाडे सापडतात. गोदावरीच्याच गाळात, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे, हत्तीची अश्मीभूत कवटी मिळाल्याचे वृत्त १९०५ साली जी. ई. पिलग्रिम ह्यांनी दिले होते. महाराष्ट्राच्या नद्यांत एके काळी पाणघोडे होते आणि जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा माणूस शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर रेषा कोरीत होता, हे ऐकून वर्गातील कंटाळा दूर होतो.

२. 'जीवाश्म' ह्या शब्दापासून आरंभ

अध्यापिकेचा पहिला तास शब्दापासून सुरू होतो. पाश्चात्त्य भाषांत रूढ असलेल्या 'फॉसिल' ह्या शब्दाचे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ 'उकरून काढलेले' एवढाच आहे; आरंभी त्यात खनिजांचाही समावेश होई. मराठीत स्थिरावलेला 'जीवाश्म' हा शब्द वस्तू कशी मिळाली हे सांगत नाही. ती कशाची बनली आहे हे सांगतो. जीव होता, त्याचा अश्म झाला. शब्द सुटसुटीत आहे, परंतु तो विद्यार्थ्याच्या मनात दोन गैरसमज रुजवितो.

पहिला असा, की जे दगड झालेले नाही ते जीवाश्म नव्हे. वस्तुतः प्रवरेच्या थरांतील पुष्कळ हाडे अर्धवटच खनिजमय झालेली असतात. पाऊलठसा तर कधीच दगड 'झालेला' नसतो, तो दगडात उमटलेला असतो. दुसरा गैरसमज उलट दिशेचा. दगडात जीवासारखा आकार दिसला, की तो जीवाश्म! राहुरी परिसरात बेसाल्टाच्या पोकळ्यांत झिओलाइटाचे स्फटिक पंख्यासारखे किंवा फुलासारखे वाढलेले मिळतात. खडकाच्या फटींत मँगॅनीजचे काळे नक्षीदार डाग पडतात, ते हुबेहूब नेच्याच्या पानासारखे दिसतात. दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी असे 'पान' आनंदाने घेऊन येतो. त्याचा आनंद न मोडता ते पान नव्हे हे सांगणे हे अध्यापनातील एक नाजूक काम आहे. त्या विद्यार्थ्याला भिंग देतात आणि पानाच्या शिरा शोधावयास सांगतात. शिरा सापडत नाहीत. निष्कर्ष त्याचा तोच काढतो.

ह्यानंतर टेबलावर शाळिग्राम ठेवला जातो. मराठी घरांतील देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या पूजिला जाणारा हा काळा दगड नेपाळातील गंडकी नदीतून आलेला असतो. त्यातील 'चक्र' हा अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या कवचाचा ठसा होय. हिमालयाच्या जागी समुद्र असतानाच्या, जुरासिक काळातील तो अवशेष आहे. अनेक विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात येण्यापूर्वी पाहिलेला हा एकमेव खरा जीवाश्म असतो, आणि तो देव असल्यामुळे त्याविषयी बोलताना अध्यापिका भलती शेरेबाजी करीत नाहीत. श्रद्धा आणि वय हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढेच सांगून त्या पुढे जातात.

शाळिग्रामाचा उपयोग एका महत्त्वाच्या भेदासाठी होतो. तो मूळ थरातून निखळला, नदीतून वाहिला, व्यापाऱ्यांच्या हातून शेकडो कोस दूर आला. तरीही त्याचे वय पुष्कळसे त्याच्या अंगावरच लिहिलेले आहे. अमोनाइटांच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या व फार दूरवर पसरल्या. त्यामुळे कवचाची घडण ओळखली, की काळ कळतो. अशा जीवाश्मांस सूचक जीवाश्म म्हणतात. प्रवराकाठच्या बैलाच्या दाताचे तसे नाही. रानबैलाची तीच जात फार दीर्घ काळ टिकली. नुसता दात हातात घेऊन तो दोन लाख वर्षांपूर्वीचा की वीस हजार, हे सांगता येत नाही. त्याचे वय तो ज्या थरात होता त्या थराकडे असते. थर सुटला की वयही सुटले.

३. बैलाचा दात

दात ओळखावयास शिकविण्यासाठी आजच्या प्राण्यांचे सांगाडे लागतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, हरीण ह्यांच्या कवट्या व जबडे स्वच्छ करून, वाळवून, क्रमांक घालून ठेवावे लागतात. मोठ्या संस्थांत असा संग्रह तयार असतो. तालुक्याच्या ठिकाणी तो अध्यापकास स्वतः उभा करावा लागतो. ह्या बाबतीत ग्रामीण विद्यार्थी शहरी विद्यार्थ्यापेक्षा पुढे असतो. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात वडिलांबरोबर गेलेल्या मुलास 'आदत', 'दुसा', 'चौसा' हे शब्द ठाऊक असतात. दुधाचे दात असलेला तो आदत, कायमच्या दातांची पहिली जोडी आलेला तो दुसा, दुसरी जोडी आलेला चौसा. दात पाहून वय सांगण्याची ही विद्या आणि पुराजीवविज्ञानातील जबड्यावरून वय ठरविण्याची पद्धत ह्यांचे तत्त्व एकच आहे. फरक इतकाच, की बाजारात खालच्या जबड्याचे पुढचे दात पाहतात. ते एकमुळी असल्यामुळे मेल्यावर गळून जातात. जीवाश्मांत मागच्या दाढा टिकतात, कारण त्या खोल रुतलेल्या व जाड असतात आणि त्यांचे दंतवल्क शरीरात सर्वांत कठीण असते. म्हणून वर्गात दाढ कितपत उगवली व किती झिजली हे पाहावयास शिकवितात. शेतकऱ्याच्या मुलास 'तुला अर्धे येतेच आहे' असे सांगता येणे ही अध्यापकाच्या हाती आलेली मोठीच सोय होय.

परंतु प्राणी ओळखला म्हणजे काम संपत नाही. खरे काम नदीकाठी असते. प्रवरेवरील नेवासे हे ह्या दृष्टीने महाराष्ट्रातील एक प्रमुख ठिकाण आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया ह्यांनी १९५४ ते १९५६ ह्या काळात तेथे उत्खनन केले व त्याचा बृहद् अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला. नदीकाठच्या थरांतील प्राण्यांचे जीवाश्म व पाषाणयुगीन हत्यारे ह्यांवरचा त्यांचा स्वतंत्र लेख १९५६ सालचा आहे. खालच्या, चुनखडीने घट्ट आवळलेल्या गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी व वरच्या बारीक खडीच्या थरात छिलक्यांची लहान हत्यारे, असा क्रम त्यांनी दाखविला. त्यानंतर गुद्रुन कॉर्विनुस ह्या जर्मन विदुषींनी नेवाशाजवळच चिरकी नाल्यापाशी १९६६ ते १९६९ ह्या वर्षांत उत्खनन केले. त्यांचे मूळ शिक्षण भूविज्ञान व पुराजीवविज्ञान ह्यांचे होते. संपूर्ण प्रवरा खोऱ्याच्या थरांचा अभ्यास त्यांनी १९८१ साली ग्रंथरूपाने मांडला आणि उत्खननाचा खंड १९८३ साली. प्रथम खोऱ्याचा ग्रंथ व मग उत्खननाचा, हा क्रम विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगण्यासारखा आहे. डेक्कन कॉलेजमध्येच पुढे जी. एल. बदाम ह्यांनी हा विषय पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांस शिकविला; भारतातील प्लाइस्टोसीन प्राण्यांवरील त्यांचा १९७९ सालचा ग्रंथ अजून वर्गात उघडला जातो.

थर वाचणे सोपे नाही. नदी जुने थर पोखरते आणि त्यांतील हाडे नव्या थरात नेऊन टाकते. त्यामुळे एका थरात सापडलेली दोन वस्तू एकाच काळच्या असतीलच असे नाही. मुंगीच्या छिलक्याबद्दल हीच शंका घ्यावी लागते. हाडाच्या कडा गोल झिजल्या आहेत काय, हाडे एकमेकांस सांध्याने जुळलेली मिळाली काय, लांब हाडे प्रवाहाच्या दिशेने लोळली आहेत काय, ह्यांवरून ते हाड दुरून आले की जवळच गाडले गेले ह्याचा अंदाज बांधतात. मृत्यूपासून हाती येईपर्यंत हाडाचे काय काय झाले, ह्याचा हा अभ्यास होय.

काळ ठरविण्यातील अडचणीचे उदाहरण शेजारीच आहे. पारनेर तालुक्यातील निघोजचे रांजणखळगे सर्वांस माहीत आहेत. त्याच कुकडी नदीवर, वरच्या अंगाला, पुणे जिल्ह्यातील बोरी येथे गाळाच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा एक पट्टा आहे. त्याचे वय एका मापनात सुमारे १४ लाख वर्षे निघाले, दुसऱ्यात सुमारे ६ लाख ७० हजार; आणि काही अभ्यासकांच्या मते ती राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे. एवढे अंतर ऐकून विद्यार्थी प्रथम हसतात. परंतु ह्या वादात तिन्ही पक्ष तोच थर पुन्हा जाऊन पाहू शकले, नमुना पुन्हा घेऊ शकले, हे त्यांच्या लक्षात आणून दिले म्हणजे हसू थांबते. थराचा पत्ता शाबूत असेल तर चूक दुरुस्त होऊ शकते.

४. संचालकाची नोंदवही

अध्यापन आणि संचालन ही कामे वरवर पाहता वेगळी वाटतात. संचालकाने वेळापत्रक आखावयाचे, परवानग्या मिळवावयाच्या, वाहन ठरवावयाचे, मुलींच्या पालकांची संमती घ्यावयाची, खर्चाचा हिशेब द्यावयाचा. क्षेत्राभ्यासाच्या तारखा ठरविताना पाटबंधारे खात्याचे आवर्तन केव्हा सुटणार ह्याची चौकशी करावी लागते. भंडारदऱ्याचे पाणी नदीत आले, की पाहावयाचा थर पाण्याखाली जातो. पावसाळ्याचा पूर ओसरल्यावर दरडी नव्याने कापलेल्या असतात, तो काळ उत्तम; परंतु तेव्हाच सत्रपरीक्षा येतात. प्लास्टर, गोणपाटाच्या पट्ट्या, ओला कागद, सुतळी हे साहित्य वेळेवर लागते. कारण ठिसूळ हाड उचलण्यापूर्वी त्यावर ओला कागद लावून मग प्लास्टरात बुडविलेल्या पट्ट्या गुंडाळाव्या लागतात. अभ्यासक्रमाचे बंधनही असतेच. ज्या त्रिखंडी जीवांचा एकही अवशेष ह्या जिल्ह्यात नाही त्यांचे गट परीक्षेसाठी पाठ करून घ्यावे लागतात, आणि ज्यासाठी नदी दाराशी आहे त्यास तास अपुरे पडतात.

पण संचालकाचे सर्वांत महत्त्वाचे काम ह्याहून वेगळे आहे. कोणती वस्तू संग्रहाच्या नोंदवहीत घ्यावयाची व कोणती नाही, हे त्याला ठरवावे लागते.

ह्याचा प्रसंग लेखकाने प्रत्यक्ष पाहिला. एका विद्यार्थ्याने अनेक वर्षे सुट्यांत हिंडून जमविलेले दात व हाडांचे तुकडे एका खोक्यातून आणले. ते घासून स्वच्छ केलेले होते. काहींस चकाकीसाठी रोगणही लावले होते. खोक्यावर चिठ्ठी होती : 'प्रवरा नदी'. प्रवरेची लांबी सुमारे २०० किलोमीटर आहे. अध्यापिकेने प्रत्येक तुकडा हातात घेतला व कोठे मिळाला ते विचारले. दोन-तीनांची जागा त्याला आठवत होती, बाकीच्यांची आठवेना. त्या बाकीच्या वस्तूंना संग्रहक्रमांक द्यावयाचा नाही, त्या हाताळून शिकण्याच्या कप्प्यात ठेवावयाच्या, असा निर्णय त्यांनी दिला. मुलाचा चेहरा उतरला. त्यांनाही तो निर्णय सोपा गेला नसावा; त्या दुपारी त्या फारशा बोलल्या नाहीत.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास हा निर्णय समजावयास कठीण नाही. डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे ह्यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशाचे काम आरंभिले. त्यासाठी सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द असतो आणि तो कोणत्या ग्रंथात कोणत्या स्थळी आला त्याचा निर्देश असतो. निर्देश नसलेली चिठ्ठी कितीही दुर्मिळ शब्दाची असली तरी कोशकारास तिचा उपयोग नाही, कारण शब्दाचा इतिहास त्या निर्देशात आहे. हाडाचेही तसेच आहे.

ह्याच जिल्ह्यातील दायमाबादचे उदाहरण अध्यापिका ह्या वेळी देतात. श्रीरामपूर तालुक्यातील ह्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन १९५८-५९ साली म. न. देशपांडे ह्यांनी, १९७४-७५ साली शि. रं. राव ह्यांनी आणि १९७५ ते १९७९ ह्या काळात शां. अ. साळी ह्यांनी केले. तेथील जगप्रसिद्ध ब्राँझच्या चार मूर्ती, म्हणजे बैलगाडीसारखा रथ, म्हैस, हत्ती व गेंडा, १९७४ साली गावकऱ्यास झाडाचे मूळ खणताना मिळाल्या. त्या शास्त्रशुद्ध उत्खननात, थर पाहत पाहत, निघाल्या असत्या, तर त्यांच्या काळाविषयी विद्वानांत आजवर जो मतभेद राहिला आहे तो पुष्कळ कमी झाला असता. गेंड्याची मूर्ती मिळाली म्हणजे प्रवराकाठी त्या वेळी गेंडे होते असेही सिद्ध होत नाही. मूर्ती प्रवास करते, हाड सहसा करीत नाही. ज्याने त्या शोधल्या त्याचा ह्यात काडीचाही दोष नाही. मूळ खणणाऱ्यास कोणी काय लिहून ठेवावे हे सांगितलेच नव्हते.

५. परिभाषेची चूक

आता त्या यादीकडे वळू. लेखकाने ती नेहमीच्या पद्धतीने केली होती. मराठी विश्वकोशात भूविज्ञानाच्या नोंदी लिहिणाऱ्यांनी बेसाल्टासारखी काही नावे जशीच्या तशी स्वीकारली आणि 'पुराजीवविज्ञान', 'जीवाश्म', 'वालुकाश्म', 'पिंडाश्म' ह्यांसारखे संस्कृत घडणीचे शब्द स्थिर केले. ते शब्द चांगले आहेत आणि ग्रंथलेखनास आवश्यकही आहेत. लेखकाने तेच विद्यार्थ्यांच्या क्षेत्रवहीत घातले. परिणाम असा झाला, की गोट्यांचा कोणताही थर दिसला की विद्यार्थी 'पिंडाश्म' लिहून मोकळे होऊ लागले. वर्षअखेरीस नोंदी तपासल्या तेव्हा एकाच दरडीतील तीन वेगळ्या थरांना तोच शब्द लावलेला आढळला. हाड त्यांपैकी कोणत्या थरातले, हे कळण्यास मार्ग उरला नाही.

दुरुस्ती सुचली ती नेवाशाकडील एका विहीर खणणाऱ्या वृद्धाच्या बोलण्यावरून. तीच दरड पाहून त्यांनी वरून खाली थर सांगितले : काळी माती, पिवळा पोयटा, चुनखडीची खडी, सुटी वाळू, मग 'आवळलेले गोटे, पहार लागत नाही असे', आणि तळाला मुरूम. आवळलेले गोटे आणि सुटे गोटे हा त्यांच्या दृष्टीने मजुरीच्या दराचा भेद होता. अभ्यासकाच्या दृष्टीने तोच दोन कालखंडांमधला भेद असू शकतो. शेतीची जमीन ती 'काळी' आणि गावठाणाची ती 'पांढरी' हा भेदही त्यांच्या तोंडी सहज आला. पांढरीचे टेकाड म्हणजे बहुधा जुनी वस्ती, हे पुरातत्त्वज्ञ चांगले जाणतात. म्हणजे पांढरीत मिळालेले बैलाचे हाड आणि आवळलेल्या गोट्यांतले बैलाचे हाड ह्यांत हजारो पिढ्यांचे अंतर असण्याचा संभव, हे बोलीने आधीच वेगळे करून ठेवले होते. लेखकाच्या यादीने ते पुसून टाकले.

ह्यात नवे काही नव्हते, हेच लेखकास अधिक लागले. बोलींची पाहणी करताना निवेदकाच्या तोंडचे रूप बदलून त्या जागी प्रमाण रूप लिहिणे हा अपराध मानतात. आधी ऐकले तसे लिहावयाचे, वर्गीकरण नंतर करावयाचे. हा नियम वर्गात अनेक वर्षे शिकवूनही नदीकाठी त्याचा विसर पडला.

त्यानंतर नोंदवहीचे रकाने बदलले. गाव, नदीचा कोणता तीर, जवळचा ओढा, भ्रमणध्वनीवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, काठाच्या माथ्यापासून खोली, हाड थरात रुतलेले होते की खाली पडलेले, पाहणाऱ्याचे नाव, तारीख व छायाचित्राचा क्रमांक हे पहिले. त्यानंतर एक रकाना 'पाहणाऱ्याचा शब्द'. त्यापुढे पारिभाषिक शब्द. तो अध्यापकाने, दरड पाहून, नंतर भरावयाचा. शेवटचा रकाना निश्चिततेचा असून त्यात प्रश्नचिन्ह घालण्याची मुभा आहे. प्रश्नचिन्ह घातल्याबद्दल गुण कापावयाचे नाहीत, अशी सूचना अध्यापिकेने स्वतःच्या हस्ताक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे.

६. उपसंहार

हे सर्व तपशील क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ह्या जिल्ह्यात वेळ फार नाही. जायकवाडीच्या जलाशयाने नेवासे व शेवगाव तालुक्यांतील काठाचा काही भाग पाण्याखाली नेला. उसासाठी जमिनी सपाट होत आहेत, विहिरी व शेततळी खणली जात आहेत, आणि वाळूचा उपसा नदीच्या पात्रात व काठात खोल शिरला आहे. ह्यांपैकी बरेचसे लोकांच्या पोटाशी निगडित आहे. त्यास नुसता विरोध करून भागणार नाही. भूवारसा स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्र शासनाने कायद्याचा एक मसुदा २०२२ साली प्रसिद्ध केला होता. कायदा कितीही चांगला झाला, तरी प्रत्येक विहिरीच्या काठावर अधिकारी उभा करता येत नाही. तेथे जो उभा असतो तो खणणारा, वाळू भरणारा, किंवा त्याचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा.

म्हणून अशा महाविद्यालयातील पुराजीवविज्ञानाच्या अध्यापकाचे यश त्याचे किती विद्यार्थी पुढे संशोधक झाले एवढ्यावरून मोजू नये. बहुतेक विद्यार्थी शेती, शिक्षकी, बँक, साखर कारखाना अशा व्यवसायांत जाणार. त्यांपैकी एखाद्याच्या विहिरीत उद्या हाड निघाले, आणि ते उचलण्यापूर्वी त्याने थराकडे पाहून, आपल्याच शब्दांत, चार ओळी लिहून ठेवल्या, तर अभ्यासक्रमाने आपले काम केले असे म्हणावयास हरकत नाही.

खोकेवाल्या त्या विद्यार्थ्याची हकीकत सांगावयाची राहिली. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्याजवळ हाड नव्हते. दरडीत अर्धवट रुतलेल्या एका जबड्याचे छायाचित्र आणि वहीचे एक पान त्याने पुढे केले. जबडा त्याने जागेवरच ठेवला होता. थराच्या रकान्यात 'चुनखडीने धरलेली बारीक खडी' असे लिहिले होते, आणि प्राण्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होते. अध्यापिकेने दुसऱ्याच दिवसासाठी वाहन सांगितले.